डावी पापणी

टचिंगबाईंची डावी पापणी जन्मापासून अर्धी उतरलेली होती. डोळा चांगला होता, त्यातून लख्ख दिसायचं, पण पापणी काही केल्या वर जायला तयार नसे. उजवा डोळा टक्क उघडा आणि डावा अर्धा मिटलेला. त्यामुळे बाई नुसत्या बघत असल्या तरी समोरच्याला वाटे, हिचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही. दूधवाला न विचारता सांगून टाकी, की आज दुधात जरा पाणी पडलंय. उशिरा आलेले नातेवाईक रस्त्यातल्या गर्दीची गोष्ट अर्धी सोडून खरं कारण सांगून मोकळे होत. बाईंच्या मनात तसलं काही नसे. बऱ्याचदा त्या घरचा गॅस बंद केला की नाही, एवढंच आठवत असत.

टचिंगबाई हे नाव कामावरून पडलेलं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जिथे उजेड फक्त टेबलाच्या काचेखालून यायचा, तिथे त्या एकेचाळीस वर्षं निगेटिव्हवर टचिंग करत बसल्या. हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, डोळ्याला भिंग, आणि समोर सगळ्या गावाची थोबाडं. कुणाचा मस, कुणाची मुरमं, कुणाची दुसरी हनुवटी, सगळं त्या पेन्सिलीखालून गेलं आणि पुन्हा दिसलं नाही. हात इतका सफाईदार, की टचिंग झालंय हे कुणाच्या बापाला कळत नसे. एकदाच कळलं. ओळखपत्रासाठी फोटो काढलेल्या एका गृहस्थांना कचेरीतल्या कारकुनाने, हा फोटो तुमचा नाही, म्हणून परत पाठवलं. गृहस्थ तणतणत स्टुडिओत आले. बाई शांतपणे म्हणाल्या, की त्या कारकुनाने डोळे तपासून घ्यायला हवेत. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

मुळात त्या स्टुडिओत नोकरीसाठी गेल्याच नव्हत्या. सोळाव्या वर्षी शाळेच्या ग्रुप फोटोची एक प्रत घेऊन गेल्या आणि मालकांना म्हणाल्या, माझा हा डोळा उघडून द्या. वर्गातल्या मुली त्यांना झोपाळू म्हणत आणि आता त्याला पुरावा मिळाला होता. मालक भले माणूस. त्यांनी पोरीला शेजारी बसवून घेतलं, डोळा उघडून दाखवला, आणि तिची नजर बघून विचारलं, शिकायचंय का? बाई त्या दिवशी ज्या स्टुलावर बसल्या, त्या स्टुलावरून कॉम्प्युटर येईपर्यंत उठल्या नाहीत.

तेव्हापासून बाईंचा एकही फोटो टचिंगशिवाय सुटला नाही. लग्नातला, डोंगरावरच्या सहलीतला, बँकेच्या पासबुकातला, सगळीकडे दोन्ही डोळे सारखे, टपोरे, उघडे. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो असला तर त्या गोड बोलून निगेटिव्ह मागून घेत आणि दोन दिवसांनी परत करत. असं करता करता आल्बममधल्या बाई आणि घरातल्या बाई या दोन वेगळ्या बायका होऊन बसल्या. त्यातल्या आल्बममधल्या बाईच खऱ्या, असं घरातल्या बाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

पुढे कॉम्प्युटर आला, बटण दाबलं की आख्खं थोबाड गुळगुळीत व्हायला लागलं, आणि बाई घरी बसल्या. घरी बसून त्या करणार काय? टाइमकीपरांना टचिंग करायला लागल्या. टाइमकीपर म्हणजे बाईंचे यजमान. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची कॉलर नीट कर, भुवयांतले लांब केस काप, कानावरचा साबण पूस. नऊ वर्षं त्यांनी सोसलं. मग एक दिवस त्यांनी मेव्हणीला फोन केला आणि एवढंच म्हणाले, की तुझ्या बहिणीला कुठेतरी घेऊन जा.

मेव्हणी, म्हणजे बाईंची धाकटी बहीण, क्लास लावण्यात पटाईत होती. मातीची भांडी झाली होती, बासरी झाली होती, पोहणं पाण्यात उतरण्याआधीच सोडून झालं होतं. सध्या वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये लिनोवर कोरून चित्रं छापायचा क्लास चालू होता. तिने ताईला हाताला धरून नेलं आणि नाव परस्पर लिहून टाकलं.

लिनो म्हणजे फरशीवर अंथरायचा तो जाड, तपकिरी पट्टा. त्याला जवसाच्या तेलाचा वास येतो. त्यावर चित्र काढायचं, जे पांढरं हवं ते कोरणीने कोरून काढायचं, जे काळं हवं ते तसंच ठेवायचं. मग रुळाने शाई फिरवायची, वर कागद टाकायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचं. थंडीत लिनो कडक होतो आणि कोरणी निसटते. त्यावर मॅडमनी उपाय सांगितला, की लिनो खुर्चीवर ठेवा आणि दहा मिनिटं त्यावर बसा. मॅडम म्हणजे शिकवणारी तिशीतली मुलगी. तिच्या नखांतली शाई कधी गेलेली कुणी पाहिली नव्हती. अकरा पोक्त माणसं रोज दहा मिनिटं आपापल्या चित्रावर गंभीर चेहऱ्याने बसून राहत. त्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते. ते त्या वेळातही हाताची घडी घालून बसत.

बाईंचा हात पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. पहिल्या दिवशी डाव्या हाताच्या बोटात कोरणी घुसली तेवढीच, पुढे रेघ कशी, तर केसासारखी. त्यांनी घरची किटली कोरली. हेडमास्तर वा म्हणाले, धाकटीने हेव्याने आपला लिनो पालथा घातला. मॅडमनी मात्र किटली बराच वेळ पाहिली आणि विचारलं, की ही नवी घेतलीत का? किटली सव्वीस वर्षांची होती, तिला पोचे होते आणि झाकणाची मूठ तुटून तिथे स्क्रू बसवलेला होता. बाई म्हणाल्या, ते सगळं मी काढून टाकलं, चित्रात बरं दिसत नाही. मॅडम हसल्या. बाईंना वाटलं, कौतुकानेच हसल्या.

मग शेवटचं काम आलं. प्रत्येकाने आरसा समोर ठेवून स्वतःचा चेहरा कोरायचा. बारा प्रती छापायच्या. एक वाचनालयाच्या भिंतीवर, एक आपल्यापाशी, आणि दहा क्लासमधल्या दहा जणांना. त्या बदल्यात त्यांचे दहा चेहरे आपल्याला. छापायचा शुक्रवार, प्रदर्शन शनिवारी. धाकटी खूश झाली, कारण ती देखणी होती आणि तिला ते ठाऊक होतं. बाईंनी मात्र आधी घरं मोजली. पन्नास वर्षं जो डोळा त्यांनी एकाही भिंतीवर जाऊ दिला नव्हता, तो आता दहा घरांत जाऊन बसणार होता, आणि तिथून निगेटिव्ह मागून आणायची सोय नव्हती.

पण हातात कला असताना घाबरायचं कशाला? बाईंनी घरी आरसा मांडला, लिनोवर चेहरा काढला, त्यावर दहा मिनिटं बसल्या आणि कोरायला घेतलं. डाव्या पापणीशी आल्यावर कोरणी अशी फिरली, की पापणी गेली आणि खाली टपोरा डोळा उघडला. कपाळाच्या आठ्या गेल्या, गळ्याच्या वळ्या गेल्या. बाईंनी एक प्रत छापली, वाळवली आणि सहज ठेवल्यासारखी टाइमकीपरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

टाइमकीपरांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला.

"छान आहे," ते म्हणाले. "कोण आहे?"

बाई दीड दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. टाइमकीपरांच्या ते लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

क्लासमध्ये तीच प्रत त्यांनी मॅडमना दाखवली. मॅडमनी प्रत पाहिली, मग बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा प्रतीकडे. बाईंना ती नजर ओळखीची वाटली. कचेरीतल्या त्या कारकुनाने असंच पाहिलं असणार.

"काकू, इथे काढून टाकायला काही लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "एक फटका, की गेलं. कसब लागतं ते ठेवायला. एक सुरकुती ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूंनी जपून कोरावं लागतं."

बाईंना राग आला. राग आला तो मुख्यतः ते खरं होतं म्हणून. स्टुडिओत सुरकुती आपोआप उमटायची आणि ती घालवायला पेन्सिल झिजवावी लागायची. इथे उलटा कारभार. इथे चेहरा गुळगुळीत करायला अक्कल लागत नव्हती, आणि बाईंनी एकेचाळीस वर्षं कमावलेली अक्कल नेमकी तिकडची होती. घरी जाताना धाकटी म्हणाली, की जाऊ दे गं, आहे तोच दे, छान दिसतेस त्यात. त्याने राग आणखी वाढला. का वाढला, ते मात्र बाईंना सांगता आलं नसतं.

दुसरा लिनो त्यांनी जिद्दीने घेतला. या वेळी पापणी ठेवायचीच. चार दिवस खपून त्यांनी एकेक सुरकुती दोन्ही बाजूंनी कोरून उभी केली. नाकाशेजारच्या दोन रेघा, कपाळाच्या तीन आठ्या, ओठाच्या कोपऱ्यातली ती बारीक घडी, जी टाइमकीपर काही बोलले की खोल होते. पापणीही ठेवली. चांगली जड, काळी, आहे तशी. शेवटी एकदा सगळीकडे नजर फिरवताना त्यांना पापणीच्या कडेला लिनोची एक बारीक साल उठलेली दिसली. ती काढायला कोरणी लावली, आणि काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हाताला सवयच अशी होती, की डाव्या डोळ्याशी आला की तो साफ करायचा. एका झटक्यात पापणीची सोललेली पट्टी टेबलावर पडली.

लिनोवरून काढलेलं परत चिकटत नाही. बाईंनी तरी ती पट्टी गोंदाने लावून पाहिली, मग मेण भरून पाहिलं, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून रडायला लागल्या.

टाइमकीपर वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, चहा ठेवला, दोन कप घेऊन आले आणि समोर बसले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षीचा ग्रुप फोटो, झोपाळू, आल्बममधला प्रत्येक डोळा, सगळं. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आणि शेवटी म्हणाल्या, की तुम्हाला तरी हे ठाऊक होतं का?

"फोटोतलं ठाऊक होतं," टाइमकीपर म्हणाले. "मला वाटायचं, तुझी हौस आहे."

मग त्यांनी चहा संपवला आणि एक जुनी गोष्ट काढली. डेपोतल्या नोकरीसाठी फोटो हवा होता म्हणून ते स्टुडिओत गेले होते. फोटो काढून झाला, पावती घ्यायला मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, तर बाईंनी टेबलावरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आणि टाइमकीपरांनी कुणी काही न विचारता सांगून टाकलं, की अंगातला कोट मित्राचा आहे. मग हेही सांगितलं, की बूट पण. मग दोघंही हसले होते, एवढं बाईंना आठवत होतं. कशामुळे ते बोलले, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दोन्ही डोळे उघडून बघितलं असतंस," टाइमकीपर म्हणाले, "तर मी पावती घेऊन गेलो असतो."

एवढं बोलून ते कप विसळायला निघून गेले. आठवडाभराचं बोलणं त्यांनी एका दुपारी खर्च केलं होतं.

बाईंनी डोळे पुसले. मग आरसा पुढे ओढला आणि त्यात पाहिलं. नेहमी पाहायच्या तसं केस, कुंकू किंवा चष्मा बघायला नव्हे. सरळ त्या पापणीकडे पाहिलं. तिला दोन घड्या होत्या, एक वरची खोल, एक खालची पुसट, हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी कळलं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्याभोवतीची रेघन् रेघ त्यांना पाठ होती, आणि स्वतःच्या डोळ्यापुरतं त्या पन्नास वर्षं दुसरीकडे बघत आल्या होत्या. त्यांना त्या डोळ्याची फार दया आली.

तिसरा लिनो घेतला तेव्हा हातात तीनच दिवस होते. मनावर भरवसा होता, हातावर नव्हता. म्हणून चित्र काढून झाल्यावर बाईंनी घरातली चिकटपट्टी आणली, जखमेवर लावतात ती, आणि चित्रातल्या डाव्या डोळ्यावर घट्ट चिकटवून टाकली. आता हात तिकडे गेलाच तर पट्टीला अडकेल. टेबलाजवळून जाताना टाइमकीपर थबकले, लिनोकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, की हिला काय झालं? बाई म्हणाल्या, ऑपरेशन आहे, मधे मधे करू नका.

बाकीचा चेहरा अडीच दिवसांत झाला. गुरुवारी दुपारी बाईंनी हात धुतले, दार लावून घेतलं आणि पट्टी सोलून काढली. मग सगळ्यात बारीक कोरणी घेऊन पापणीच्या कडेकडेने कोरलं. आधी वरची घडी, मग खालची. श्वास रोखून, थांबून थांबून. दीड इंचाच्या कामाला दोन तास लागले. कोरणी खाली ठेवली तेव्हा पापणी जागेवर होती.

शुक्रवारी हॉलमध्ये छपाईचा नुसता धुमाकूळ. प्रत्येकाला तेरा कागद मोजून दिलेले, बारा प्रतींचे बारा आणि एक चुकायला. बाईंनी चुकायचा कागद पहिल्याच फटक्यात अंगठा उमटवून वापरून टाकला. दुसरा कागद शाईवर टाकला, चमच्याने घासला आणि कोपरा धरून सावकाश उचलला.

आरशात बघून काढलेलं चित्र छापताना उलटतं. म्हणजे आरशातली बाई उलटून जी समोर येते, ती जगाला रोज दिसणारी बाई. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि बाईंनी ऐकून सोडून दिलं होतं. आता ती कागदावरून त्यांच्याकडे बघत होती. एक डोळा उघडा, एक अर्धा, तोंडाच्या कोपऱ्यात घडी. बाईंना आधी वाटलं, ही कोण आगाऊ बाई? मग वाटलं, हिच्याशी बोलायला मजा येईल. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या, की हेडमास्तरांचा रूळ घसरला.

पुढच्या प्रती भराभर निघाल्या. दोरीवर एकामागून एक अकरा बाया वाळायला लागल्या. बाराव्या वेळी शाई सुकत आली होती आणि बाईंचा खांदा भरून आला होता. शेवटचा कागद उचलला तर सगळा चेहरा नीट उतरला होता, फक्त डाव्या पापणीवर शाई धरलीच नव्हती. तेवढी जागा पांढरी राहिली होती आणि त्यामुळे डोळा उघडा दिसत होता. टपोरा, उजव्यासारखाच.

धाकटी आपल्या प्रती आवरून ताईला मदत करायला आली होती. ती त्या कागदापाशी थांबली.

"ताई, मला हा दे," ती म्हणाली. "ह्यात तू किती छान दिसतेस."

बाईंनी पाहिलं. खरंच छान दिसत होती. सोळाव्या वर्षापासून जिच्यासाठी त्यांनी पेन्सिली झिजवल्या, ती आज कुणी न बोलावता, आपल्या पायांनी चालत आली होती. कागद तर दुसरा उरला नव्हता. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि धाकटीच्या घरी ती दिवाणखान्यात लागली असती. क्षणभर बाईंच्या तोंडाशी हो आलंही.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "त्यात काम राहिलंय."

त्यांनी मॅडमकडून सगळ्यात बारीक ब्रश मागून घेतला, चष्मा कपड्याने पुसला आणि कागद खिडकीजवळच्या टेबलावर नेला. मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या. बाई वाकल्या. एकेचाळीस वर्षांची सवय असलेला हात कामाला लागला. त्यांनी पापणी वरून खाली उतरवत आणली, कडेची केसाएवढी रेघ ओढली, आणि आत दोन्ही घड्यांपुरता कागद कोरा सोडला. पूर्ण झाल्यावर दोरीवरच्या अकराजणींशी ताडून पाहिलं. कुठे टचिंग झालंय हे कुणाला ओळखता आलं नसतं.

"अगं, चांगला होता की तो," धाकटी हिरमुसून म्हणाली. "उगाच बिघडवलास."

"चांगला होता," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या घरी मी यायला हवी ना?"

धाकटीने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग तिने दोरीवरचा एक चिमटा मोकळा करून दिला, आणि बाईंनी खाली पेन्सिलीने आपलं नाव लिहून तो कागद बाकीच्यांच्या शेजारी वाळत घातला.